एक घाणा, पाच बाटल्या: आल्याच्या फसफसत्या पेयाचं एक प्रकरण

रात्री सव्वादोनला धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. शेगडी बंद आहे, बघितली मी. जमिनीवर सगळीकडे काच आहे आणि आल्याचा वास सुटलाय." आल्याचा वास म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. तिने पाच बाटल्या भरल्या होत्या हे मला ठाऊक होतं. म्हणजे चार अजून शिल्लक होत्या.

"आत पाऊल टाकू नकोस. दार ओढून घे आणि सकाळपर्यंत कुणालाही जाऊ देऊ नकोस," एवढंच सांगितलं. तिला लगेच फरशी पुसायची होती, साखरेचं पाणी आहे, मुंग्या लागतील म्हणून. मुंग्या परवडल्या. भरलेल्या काचेच्या बाटलीशेजारी वाकून फरशी पुसणं परवडत नाही.

सकाळी मी गेले आणि त्यानंतरचे दोन दिवस त्या पाच बाटल्यांच्या मागे घालवले. एकाच पातेल्यातलं, एकाच दिवशी भरलेलं पेय, आणि तरी पाच बाटल्यांची पाच तऱ्हा झाली होती. एरवी बाटली फुटली की माणूस काच गोळा करतो, पुन्हा हे करायचं नाही असं ठरवतो आणि प्रकरण मिटतं. इथे तुलनेला चार बाटल्या हाताशी होत्या, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

आधी तिने काय केलं ते. आल्याचं विरजण, ज्याला बरेच जण जिंजर बग म्हणतात, तिने सहा दिवस जोपासलं होतं. सालासकट किसलेलं आलं, साखर आणि उकळून गार केलेलं पाणी, रोज एक चमचा आलं आणि एक चमचा साखर. साल काढायचं नाही, कारण ज्या यीस्टवर आणि बॅक्टेरियावर हा सगळा खेळ चालतो ते सालावरच असतात. १८९२ साली हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने जिंजर बिअरच्या दाणेदार विरजणाचा अभ्यास छापला. यीस्ट आणि बॅक्टेरिया तिथे एकमेकांच्या आधाराने जगतात हे त्याने दाखवलं. घरचं विरजण त्याहून ओबडधोबड असतं, पण वस्ती तशीच मिश्र. बहिणीचं विरजण उत्तम होतं: ढवळलं की सोड्यासारखं चुरचुरायचं, वास स्वच्छ, वर बुरशीचा ठिपकाही नाही. विरजणात खोट नव्हती हे आधीच सांगते, कारण पहिला संशय सगळ्यांचा त्याच्यावरच जातो.

मग चार लिटरचा घाणा. साखर ४०० ग्रॅम, आलं दीडशे ग्रॅम, चार लिंबांचा रस, वाटीभर विरजण. पातेल्याला फडकं बांधून एक दिवस उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी न गाळता बाटल्यांत भरलं, "फेस यावा म्हणून" प्रत्येक बाटलीत वरून एकेक चमचा साखर टाकली, झाकणं लावली आणि कृतीत लिहिलं होतं तसं तीन दिवस बाहेर ठेवायचं ठरवलं. तिसऱ्या रात्री एक फुटली.

बाटल्या अशा होत्या. पहिली चौकोनी, नक्षीदार काचेची, तारेच्या कडीचं झाकण असलेली. दिसायला सगळ्यांत देखणी, आणि फुटली ती हीच. दुसरी गोल, जाड काचेची, तसंच कडीचं झाकण. तिसरी आणि पाचवी सोड्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. चौथी गोल काचेची, पण जुनी. पाचवी तिने एक दिवसानंतरच फ्रीजमध्ये टाकली होती, चव बघायला. तिच्या उतावळेपणामुळे मला तुलनेला एक बाटली मिळाली, याबद्दल मी तिचे आभार मानले. तिला ते टोमण्यासारखं वाटलं.

सकाळी डोळ्यांवर बंद चष्मा, हातात जाड मोजे, अंगात लांब बाह्या अशा अवतारात मी आत गेले. काचेच्या दोन्ही बाटल्यांवर आधी जाड चादर टाकली आणि चादरीसकट त्या फ्रीजमध्ये नेल्या. थंड द्रवात जास्त गॅस विरघळतो, त्यामुळे आतला दाब उतरतो. भरलेली बाटली उघडायचीच असेल तर आधी एक दिवस गार करावी. तुकडे गोळा करताना बहीण गप्प झाली. एक तुकडा समोरच्या भिंतीपाशी, एक पिठाच्या डब्याच्या झाकणावर, एक ओट्यावरच्या उघड्या भांड्यात. ओट्यावरचं जे काही उघडं होतं ते सगळं टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी बाटल्या बाहेर अंगणात उघडल्या. दुसरीची कडी टॉवेलखाली सोडली आणि निम्मी बाटली टॉवेलनेच प्यायली. गॅसचा जोर होताच, त्यात आल्याचा कीस न गाळता भरलेला, आणि अशा प्रत्येक कणावर बुडबुडे धरतात. तिसरी, प्लास्टिकची, दगडासारखी कडक होती आणि टेबलावर डुगडुगत होती, कारण तिचा तळ बाहेर आला होता. हे मी बहिणीला हात लावून बघायला लावलं. झाकण जरासं सैल करायचं, फेस वर आला की पुन्हा आवळायचं, असं करत ती उघडायला दहा मिनिटं लागली. चौथी उघडली तर साधा "फुस्स" आवाजही नाही. पाचवीत हवा तसा फेस, बारीक बुडबुडे, चव गोड आणि झणझणीत.

"चौथीत विरजण चढलंच नाही," बहिणीचा निष्कर्ष. ऐकायला पटतं. पण मी दोन्ही पेल्यांतलं चाखायला दिलं. चौथी पाचवीपेक्षा स्पष्ट कमी गोड होती. विरजण चढलं नसतं तर ती जास्त गोड लागायला हवी होती. साखर गेली, म्हणजे ती कुणीतरी खाल्ली. आणि खाल्ली तर गॅसही झालाच असणार. तो गेला कुठे, हे झाकण उलटं करून बघितल्यावर कळलं. रबराची चकती वाळून कडक झालेली, एका जागी तडा. तीन दिवस गॅस तिथून निघून जात होता. फुसकी निघाली म्हणूनच ती बाटली वाचली.

जिभेवर किती विश्वास ठेवायचा, म्हणून मी हायड्रोमीटर नेला होता. पातळ पदार्थात तरंगणारी काचेची नळी, एवढंच ते साधन. साखर जास्त तर नळी वर, साखर कमी तर खाली. मोजण्याआधी नमुना दोन पेल्यांत पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे ओतून त्यातला गॅस घालवावा लागतो, नाहीतर बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. सगळे नमुने एकाच तापमानाला आणायचे, हेही तितकंच महत्त्वाचं.

नुसत्या पाण्यात ही नळी १.००० दाखवते. लिटरला १०० ग्रॅम साखर म्हणजे सुरुवातीचा आकडा १.०३८ च्या आसपास. उघड्या पातेल्यातल्या एका दिवसात तो तीनएक अंशांनी (अंश म्हणजे शेवटच्या घरातला एक) उतरला असेल, आणि वरून घातलेल्या चमच्याने दोन अंश चढला असेल. म्हणजे झाकण लागलं तेव्हा १.०३७ धरू. पाचवीचा आकडा आला १.०३१. चौथीचा १.०२६. दुसरी आणि तिसरी चौथीच्या आगेमागेच.

आता हिशेब. यीस्ट साखर खातं तेव्हा तिच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होतो आणि निम्मा अल्कोहोल. हायड्रोमीटरचा आकडा शेवटच्या घरात एकने उतरला, तर लिटरमागे ढोबळमानाने एक ग्रॅम गॅस तयार झाला असं समजायला हरकत नाही. पाचवीत उतार सहाचा, म्हणजे लिटरला सहा ग्रॅम. बाजारातल्या फसफसत्या पेयांत सहसा सहा ते आठ ग्रॅम असतो, म्हणून ती आपल्याला बरोबर वाटली. बाकीच्यांत उतार अकराचा. अकरा ग्रॅम गॅस ३१ अंश तापमानाच्या खोलीत बंद बाटलीत कोंडला, तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सात बारच्या घरात जातो (एक बार म्हणजे साधारण हवेचा नेहमीचा दाब). मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. स्वयंपाकघराच्या फळीवर तिप्पट दाबाचे टायर मांडून ठेवले होते, असं मी म्हटलं तेव्हा बहिणीने पहिल्यांदा "अगं बाई" केलं.

आणि ही वाट अर्ध्यावरही आली नव्हती. ४०० ग्रॅमपैकी बहुतेक साखर अजून शिल्लकच होती. १०० ग्रॅम साखर पूर्ण खाल्ली गेली तर लिटरला पन्नासएक ग्रॅम गॅस होतो, आणि तो धरून ठेवणारी बाटली घरात असायचं कारण नाही. त्यामुळे फेसासाठी टाकलेला तो एक चमचा हा निव्वळ भरल्या विहिरीत तांब्याभर पाणी ओतण्याचा प्रकार. यीस्टला साखर कधीच कमी पडत नव्हती.

मग चौकोनीच का फुटली? एक तर आकार. गोल बाटलीत दाब सगळीकडून सारखा वाटला जातो. चौकोनी बाटलीच्या सपाट बाजू बाहेर फुगू बघतात आणि सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. आमच्या तुकड्यांत तळ एका बाजूला अख्खा निघाला होता आणि चीर एका कोपऱ्याने सरळ वर गेली होती. अशा बाटल्या तेल-सरबत ठेवायला असतात. कडीचं झाकण असलं म्हणजे बाटली दाब सोसते असं नाही. दुसरं कारण जागा. ती बाटली फ्रीजच्या भिंतीला टेकून ठेवलेली, आणि कित्येक फ्रीज आपली उष्णता बाजूच्या भिंतींतूनच बाहेर टाकतात. हात लावला तर ती भिंत चांगली कोमट होती. तिसरं, ती सगळ्यांत शेवटी भरलेली. पातेल्याच्या तळाचा साका, म्हणजे यीस्टचा गाळ, बराचसा तिच्यात गेला. खाणारी तोंडं जास्त, जागा उबदार आणि भांडं नाजूक, असा तिन्हींचा मेळ तिथे जमला.

बहिणीचा मात्र एकच मुद्दा. "तीन दिवस लिहिलं होतं, तीनच दिवस ठेवल्या ना मी!" ठेवल्या होत्या, खरंच. माझं म्हणणं इथेच आहे. तीन दिवस हे कुणाच्या खोलीतले, कुणाच्या विरजणाचे, किती साका असलेले? तापमान दहा अंशांनी वाढलं की यीस्टचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. वीस-एकवीस अंशांच्या खोलीत लिहिलेले तीन दिवस तिच्या ३१ अंशांच्या खोलीत दीड दिवसात संपले होते, उरलेला दीड दिवस ती बाटली नुसती भरत होती. दिवस हे या कामात मापच नव्हे. माप साखरेचं: झाकण लावताना किती होती, त्यातली किती जाऊ द्यायची.

हे शहाणपण माझं नाही. शॅम्पेनच्या तळघरांत एके काळी बाटल्या इतक्या फुटत की कामगार लोखंडी मुखवटे घालून आत जात; एक फुटली की तिच्या काचांनी शेजारची जाई. १८३० च्या दशकात शालाँ गावातल्या फ्रान्स्वा नावाच्या एका औषधविक्रेत्याने बाटल्या भरण्याआधी वाइनमध्ये साखर किती आहे हे मोजायची आणि त्यावरून किती घालायची हे ठरवायची पद्धत दिली. काच सुधारली ती वेगळी, पण अंदाजाचं काम आकड्यावर आलं ते तिथून. आपल्या फळीवरची बाटली त्या तळघरातल्या बाटलीपेक्षा वेगळं काही करत नसते.

या मोजणीतून एक गोष्ट अशी निघाली की जिच्यासाठी मी गेलेच नव्हते. बहिणीला हे पेय घरी जमणाऱ्या मुलांना द्यायचं होतं, "आल्याचं सरबतच की" म्हणून. आकडा एकूण १.०४० वरून, म्हणजे वरचा चमचा धरून, पाचवीत १.०३१ वर आला होता. या उताराचं अल्कोहोल सव्वा टक्क्याच्या आत-बाहेर होतं. इतर बाटल्यांत पावणेदोनच्या जवळ. बॅक्टेरिया थोडी साखर आंबटपणाकडे वळवतात, त्यामुळे खरा आकडा जरा कमी असेल, पण शून्य नक्कीच नाही. आणि उघड्या पातेल्यातला तो पहिला दिवस गॅसच्या हिशेबात धरायचा नाही, कारण गॅस उडून गेला. अल्कोहोल मात्र मागे राहिलं. यीस्टने केलेला फेस हवा आणि अल्कोहोल अजिबात नको, असं होत नाही. सात ग्रॅम गॅस बाटलीतच तयार करायचा तर त्यासोबत टक्क्याच्या थोडं खाली अल्कोहोल येणारच. मुलं, गरोदर बाई, पथ्यावरचा माणूस किंवा अल्कोहोल न घेणारा कुणीही असेल तर हे आधी सांगावं. त्यांच्यासाठी साधं आल्याचं पाणी आणि यंत्राने भरलेला सोडा हा सरळ मार्ग आहे. फ्रीजही यात फार मदत करत नाही. तो यीस्टला पेंगवतो, मारत नाही. शिवाय पाचवी बाटली फ्रीजमध्ये एक-सव्वा बारवर शांत होती. तीच पिशवीत घालून ३१ अंशांच्या उन्हाळ्यात नेली तर तेवढ्याच गॅसचा दाब साडेतीन बारच्या वर जातो.

दुसरा घाणा आम्ही मिळून लावला. पुस्तकी सुटका अशी की सगळी साखर आंबू द्यायची आणि शेवटी मोजून थोडी घालून बाटल्या बंद करायच्या. पण १०० ग्रॅम साखरेची त्यात पाच-सहा टक्के दारू होते, म्हणून ती नको. आम्ही उलट बाजूने गेलो. मुळातच साखर इतकी कमी घालायची की ती सगळी संपली तरी बाटली सुरक्षित राहावी. लिटरला १२ ग्रॅम. विरजणातून आणि लिंबातून आणखी दोनएक ग्रॅम येते असं धरलं, म्हणजे एकूण १४, आणि गॅस जास्तीत जास्त सात ग्रॅम. उघडं ठेवणं रद्द. आल्याचं पाणी उकळून, गार करून, विरजण घालून, दाट विणीच्या फडक्यातून गाळून लगेच बाटलीत. सगळ्या बाटल्या सोड्याच्या, प्लास्टिकच्या. वर तीन बोटं जागा. लिंबू तेवढंच ठेवलं, कारण आंबटपणा नको ते जंतू दूर ठेवतो.

बाटल्या सकाळ-संध्याकाळ दाबून बघायचं काम बहिणीकडे. पहिल्या संध्याकाळी मऊ, दुसऱ्या सकाळी ताठ, दुसऱ्या रात्री कडक. तीन फ्रीजमध्ये गेल्या. एक मुद्दाम बाहेरच ठेवली, बादलीत, वर झाकण, त्यावर पाट. आठवडाभर रोज दाबून बघितली. तिसऱ्या दिवशी जितकी कडक होती तितकीच आठव्या दिवशी. तळ सपाट. हायड्रोमीटर १.००० च्या खाली किंचित. खाण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

चवीवर मात्र भांडण झालं. फेस जोरदार, आल्याचा झणका स्वच्छ, पण गोडी नाही. "हे काय, पाणचट," बहीण म्हणाली. तिचं चूक नाही. गोडीशिवाय आलं नुसतं टोचतं. उपाय पेल्यात करायचा: साखरेचा पाक आधी पेल्याच्या तळाशी, मग कडेने हळू पेय. उलट केलं, म्हणजे भरल्या पेल्यात पाक ओतला, की सगळं उसळून टेबलावर. हे तिने दोनदा करून बघितलं. बाटलीतच गोडी हवी असेल तर यीस्टला पचत नाहीत अशा गोडव्याच्या पुड्या मिळतात. त्यांची मागून रेंगाळणारी चव मला आवडत नाही, तिला चालते.

आता तिचा आग्रह आहे की साखर १५ ग्रॅमवर न्यावी, फेस थोडा वाढेल. हिशेबाने गॅस साडेआठच्या आसपास जातो; प्लास्टिकची बाटली ते सोसेल. मी हो म्हटलंय, अट एकच: बाटल्या फ्रीजच्या भिंतीपासून लांब आणि बादलीत. फुटलेल्या चौकोनी बाटलीची जुळी बहीण अजून तिच्या कपाटात आहे. तिच्यात पाक भरलाय.